आमचा माणूस येईल

माझे सासरे रामहरी, म्हणजे आमचे तात्या, यांना एकच डोळा. उजवा लहानपणी उसाचं पातं लागून गेला. राहिलेल्या डाव्या डोळ्यावर त्यांनी वरकुट्यातली शेती केली, दोन लेकी उजवल्या आणि सोसायटीच्या निवडणुकाही लढवल्या. दिवाळीच्या आधी त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला. भर दुपारी विचारायचे, "रेश्मा, दिवा लावला न्हाय का गं अजून?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फक्त गुरुवारी येतात. त्यांनी तपासून सरळ सांगितलं, "एकच डोळा आहे, इथं जोखीम घ्यायची नाही. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवू. माझी चिठ्ठी असली की ऑपरेशन योजनेत बसतं. रक्ताचे रिपोर्ट येऊ द्या, पुढच्या गुरुवारी चिठ्ठी घेऊन जा."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. त्याचा विचका केला तो माझ्या नवऱ्यानं.

ओळखीशिवाय जगात एखादं काम होतं, यावर विजयसिंहांचा विश्वासच नाही. रेशनकार्डावर नाव चढवायचं असो की विजेची डीपी जळाल्याची तक्रार, आधी फोन. त्यांनी साखर कारखान्याच्या एका संचालकांना फोन लावला. संचालक म्हणाले, "तुमी कशाला हेलपाटा घालताय? आमचा माणूस जाईल, चिठ्ठी घिऊन घरपोच करंल." फोन ठेवल्यावर आमच्या ह्यांची छाती अशी फुगली, जणू ऑपरेशनच उरकलं.

गुरुवार आला आणि गेला. पुढचाही गेला. मी म्हटलं, "अहो, मीच जाते की यष्टीनं. लायनीत उभी राहीन आणि घिऊन येईन."

"याड लागलंय का तुला? त्यांनी शब्द टाकलाय. आता आपण जाऊन लायनीत उभं राहिलो, तर त्यांच्या शब्दाला काय किंमत राहिली? उद्या कुठल्या तोंडानं जायचं त्यांच्याकडं?"

तात्यांनीही मान डोलावली. "व्हय पोरी, बरं दिसत न्हाय ते."

मी त्यांचं ऐकलं. तेव्हा ऐकायला नको होतं.

मग गाळपाचा हंगाम सुरू झाला आणि संचालक फोन उचलेनात. तर ह्यांनी काय करावं? विरोधी गटातल्या, पंचायत समितीच्या एका माजी सभापतींना गाठलं, पहिल्यांना कळू न देता. सभापती म्हणाले, "एवढंच ना? आमचा माणूस जाईल." आता दोन माणसं येणार होती, आणि घरी कुणीच येत नव्हतं. तात्या भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत जायचे. एकदा गोठ्यात गायीऐवजी खांबाला थोपटत उभे होते. मला हसू आलं, पण लगेच जाऊन मी त्यांचा हात गायीवर ठेवला.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी तात्या डोकं धरून बसले. डोळा लालभडक, वर उलट्या. विजयसिंह अंगणात फेऱ्या मारत फोन लावत होते. "लागत न्हाय गं, लागत न्हाय." मी म्हटलं, "लावा तुमी." तात्यांना उठवलं, शेजारच्या सद्दामच्या जीपमध्ये बसवलं आणि निघाले. नशीब, गुरुवार होता.

लायनीतल्या लोकांनी तात्यांची अवस्था बघून आपण होऊन वाट दिली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळा बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "मोतीबिंदू फुगलाय. दाब वाढलाय डोळ्यात. इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

"चिठ्ठीची वाट बघत हुतो, बाई," मी म्हटलं.

त्यांनी खण उघडून चिठ्ठी काढली. सही, शिक्का, सगळं होतं. "ही तेव्हाच तयार होती. मग एक फोन आला, आमचा माणूस येईल, दुसऱ्या कुणाला देऊ नका. नंतर दुसरा फोन, त्यांचंही तेच. एकाला द्यावी तर दुसरा माझ्यावर उठणार. नंतर वाटलं, तुम्ही परस्पर बाहेर ऑपरेशन करून घेतलं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, पेशंट आमचा हाय. एक फोन आमाला केला असता तर?"

त्यांनी डोळ्यात औषध घातलं, चिठ्ठी नवीन तारीख टाकून दिली आणि ॲम्ब्युलन्सला स्वतः फोन केला.

पुण्यात दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, "समोरचं दिसेल. दाबानं आतली नस सुकलीय, बाजूचं आता दिसणार नाही. दुखायच्या आधी आणलं असतं तर सगळं दिसलं असतं."

घरी आल्यावर तात्या अंगणात बाजेवर बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "डोळ्याखाली काळं आलंय की गं तुझ्या." मला रडूच फुटलं.

तेवढ्यात विजयसिंह गोठ्यातून आले आणि बाजेच्या कडेला उभे राहिले. "तात्या, पुढच्या तपासणीला मी फोन टाकून ठेवतो. थांबायला लागणार न्हाय."

मी तोंड उघडणार होते, पण तात्यांची मान इकडंतिकडं वळत होती. आवाजाचा माणूस त्यांना सापडत नव्हता.

"कुठनं बोलतोय रं तू?"

"हितनंच की. तुमच्या शेजारनं."

"शेजारचं न्हाय दिसत मला आता. म्होरं ये."

विजयसिंह पुढं येऊन उकिडवे बसले. तात्या त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले.

"फोन नगं लावू," तात्या म्हणाले. "सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ. लायनीत तू माझ्या म्होरं उभा ऱ्हा, म्हंजी मला दिसशील."