लंबूचा सेफ्टी बेल्ट आणि लंबूचा विमा

मित्रांनो, सामानाच्या खोलीत शेवटच्या खुंटीवर जो विटका, नारिंगी सेफ्टी बेल्ट दिसतो ना, तो मीच. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे माझे पट्टे जाड, कड्या पोलादी आणि स्वभाव खडूस. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या माणसाला दोराशी धरून ठेवायचं, तर लाडात येऊन कसं चालेल?

कारखान्यात माझ्या एका भावंडाला वाळूची गोणी बांधून वरून सोडून दिलं होतं. ते तुटलं नाही, तेव्हा आम्हा सगळ्यांना कामावर धाडलं. मी लंबूच्या वाट्याला आलो. लंबू नुकताच विशी ओलांडलेला होता. त्याचे वडील मागे काहीही न ठेवता गेले होते आणि आईने दवाखान्याच्या चादरी शिवून दोन्ही मुलं वाढवली होती. आता तिची नजर अधू झाली होती आणि धाकटी बहीण नर्सिंग शिकत होती. सगळं घर लंबूच्या, म्हणजे पर्यायाने माझ्या भरवशावर होतं. मला त्याचा अभिमान वाटे आणि थोडी भीतीही.

आमच्या टोळीचा एक नियम होता. वर जाण्याआधी, जमिनीवर असतानाच, जोडीदाराने जोडीदाराचा बेल्ट ओढून विचारायचं, "लागला?" कडी न अडकवताच "लागला" म्हणणाऱ्याला मुकादम सरळ घरी पाठवायचे.

हेच मुकादम एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "लंबू, टर्म विमा काढून टाक. मी चाळिशी उलटल्यावर चौकशीला गेलो. तोवर साखर वाढलेली. हप्ता ऐकून डोळेच पांढरे झाले बघ. तुझं वय लहान, तब्येत खणखणीत. आज जो हप्ता ठरेल, तोच मुदत संपेपर्यंत राहील."

लंबूचा जोडीदार वाकड्या फिसकन हसला. "म्हणजे मेल्याशिवाय दमडी नाही? जगलो तर पैसे पाण्यात! असला कसला सौदा?"

लंबूने मला अंगावरून उतरवून त्याच्यापुढे धरलं. "मी अजून एकदाही पडलो नाही. मग ह्याचे पैसे पाण्यात गेले म्हणायचं का?"

बेल्टला जेवढी छाती फुगवता येते तेवढी मी फुगवली.

मला साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायला लंबू घरी नेत असे. त्या संध्याकाळी मी दाराआड टांगलेला होतो. त्याने विम्याचं नाव काढताच आईने शिलाई मशीन थांबवलं. "असलं अभद्र बोलू नकोस. तुझ्या जिवाचे पैसे मला नकोत," असं म्हणून ती आत निघून गेली. लंबू रात्रभर कुशी बदलत राहिला, पण बेत काही बदलला नाही.

घोळ घातला तो वाकड्याने. "उंचावरचं काम सांगितलंस तर हप्ता वाढेल. ऑफिसच्या काचा पुसतो म्हण. खोटं कुठाय? काचा ऑफिसच्याच असतात की!" लंबूला ते पटलं. माझा नुसता संताप झाला. काचा ऑफिसच्या, पण तू असतोस बाहेर, त्याचं काय? पण बेल्टला विचारतो कोण!

कामावरून तो थेट विम्याच्या तपासणीला गेला. मी पिशवीत होतो. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं, त्याने पढवलेलं उत्तर दिलं. मग तपासताना त्यांची नजर त्याच्या खांद्यांवर गेली. "हे वळ कसले?"

लंबूने पिशवीकडे पाहिलं. पिशवीच्या पट्ट्याचे म्हणाला असता, तर खपून गेलं असतं. पण उद्या काही बरंवाईट झालं, तर ह्याच उत्तरावर बोट ठेवून विमा कंपनीने त्याच्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवलं असतं. कडी न अडकवता "लागला" म्हणण्यातलाच तो प्रकार होता.

"बेल्टचे," लंबू म्हणाला. "काचा बाहेरून पुसतो मी. दोरावर लटकून. मघाचं खोडा, मॅडम."

हप्ता वाढलाच. लंबूने मोटारसायकलचा विचार पुढे ढकलला आणि जुनीच सायकल दामटत राहिला.

मित्रांनो, आता माझी शिवण विरली आहे. उद्या मुकादम माझे पट्टे कात्रीने कापतील, म्हणजे चुकूनही मला कुणी घालणार नाही. एकदाही कुणाला पडताना झेलावं लागलं नाही, ह्याचं मला समाधान आहे. तुम्ही अजून लहान आहात, पण मोठे व्हाल, कमवाल, कुणाचं तरी पोट तुमच्यावर असेल. तेव्हा धडधाकट असतानाच विमा काढा आणि खरं सांगून काढा. माझ्यासारख्या खडूसाचं ऐकायचं नसेल, तर लंबूची आई काय म्हणाली ते ऐका.

पहिला हप्ता भरून विम्याचा कागद घेऊन आला, त्या दिवशी लंबू तिच्यासमोर बसला. "आई, मी मरायला नाही विमा काढला. मी म्हातारा होणार आहे, तुझ्याशी भांडत. पण बाबांमागे तू जे भोगलंस, ते पुन्हा होऊ देणार नाही. तू रागव हवं तर. हप्ता मी भरणारच."

आई सुईत दोरा ओवत होती. तो काही केल्या जाईना. शेवटी तिने सुई खाली ठेवली आणि धाकटीला हाक मारून जवळ बसवलं.

"तो कागद कुठे ठेवतोस, ते दाखव," ती म्हणाली. "मला दाखव आणि हिलाही."