लोकरीतला वास

"बॅग ठेव आणि आधी इकडे ये," क्लेम म्हणाला. "चहा नंतर."

नेरिडाचा गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर पर्थला बहिणीकडे राहून ती आजच कालगुर्लीला परतली होती. स्टेशनपासून घरापर्यंत क्लेम गाडीत शीळ घालत होता. गेली तीन वर्षं ह्या माणसाच्या तोंडून शीळ ऐकू आली नव्हती. काठी टेकत ती त्याच्यामागे गेली आणि तो ज्या दाराशी थांबला ते पाहून तीही दोन पावलं मागेच थांबली.

जॅरडची खोली. मुलगा गेल्यापासून क्लेमने तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. जॅरड रात्रपाळी संपवून नॉर्समनच्या रस्त्याने येत होता. त्याचा डोळा लागला आणि गाडी झाडावर गेली. पोलिसांच्या मागोमाग क्लेमच जाऊन त्याला ओळखून आला. घरी आल्यावर त्याने खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्यानंतर त्या दारावरून तो भिंतीकडे बघत जायचा.

"तू गेलीस त्याच आठवड्यात वादळ झालं," दार उघडत तो म्हणाला. "छपराचा एक पत्रा उडाला. सगळं पाणी इथं. फोनवर मुद्दामच बोललो नाही, तू तंगडी घेऊन पळत आली असतीस."

"आणि तू आत आलास?"

"यावंच लागलं. कपाटाच्या मागनं काळी बुरशी चढलेली, नेरी. त्याचे कपडे आत. म्हटलं, कपडे तरी जाता कामा नयेत."

त्याने कपाट उघडलं. आतल्या फळ्या पुसून, घासून, रंगवून काढल्या होत्या. जॅरडचे शर्ट, फुटबॉलची जर्सी, लग्नासमारंभाचा एकुलता एक कोट, सगळं ओळीने टांगलेलं. आणि दांडीला, कोपऱ्यांत, खालच्या फळीवर, तिच्या जुन्या लांब मोज्यांच्या पुरचुंड्या बांधून ठेवलेल्या. आत कोळशाचे काळे, खडबडीत दाणे.

"तुझाच माल," क्लेम म्हणाला. "तुझ्या कारखान्यातल्या सिओनेकडनं मागून आणला. म्हणाला, काका, नवी गोणी फोडतो, खोलीतला सगळा कुबट वास ओढून घेईल. मला काय कळतंय वासातलं. शेजारची म्हणाली आता काही येत नाही. बघ बरं तू."

नेरिडाने कोटाच्या मागचा राखाडी स्वेटर काढला. शेवटच्या हिवाळ्यात जॅरड तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टाकून गेला होता. तिने तो कधी धुतला नव्हता. तिने तो तोंडाशी धरला, श्वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"येतोय का कुबट?" क्लेमने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

"मग जमलं म्हणायचं." त्याने कपाटाच्या दारावर थाप मारली आणि चहा टाकायला गेला. जाताना पुन्हा शीळ.

नेरिडा वीसेक वर्षं सोन्याच्या कारखान्यात ह्याच कोळशावर काम करत होती. दगड दळून त्याचा गाळ करायचा, सायनाइड घालून त्यातलं सोनं विरघळवायचं आणि मग त्या गाळात नारळाच्या करवंटीचा कोळसा सोडायचा. पाण्यात विरघळलेलं, कुणालाही न दिसणारं सोनं हळूहळू येऊन कोळशाला चिकटतं. शाळेतली मुलं कारखाना पाहायला आली की ती लाल सरबताच्या बाटलीत मूठभर कोळसा टाकून हलवायची आणि गाळून नितळ पाणी दाखवायची. "हा स्पंज नाही बरं का," ती सांगायची. "स्पंज पाणी पितो. हा पीत नाही. ह्याच्या अंगाला चिकटतं सगळं. ह्याला आत एवढी भोकं आहेत की मूठभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडल्या तर तुमचं फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल." एके वर्षी त्या मुलांत जॅरडही होता. सगळ्यांत मागे उभा राहून तो ही बाई आपली कुणी नव्हेच असा चेहरा करून होता.

लोकरीचंही तसंच होतं, फक्त तिची पकड सैल. जॅरडच्या अंगाचा घाम, दुचाकीचं तेल, रानातल्या शेकोटीचा धूर, कुत्र्याच्या केसांचा वास, असं सगळं कण होऊन त्या धाग्यांना चिकटून राहिलं होतं. बंद कपाटात त्यातलं थोडं सुटायचं, हवेत फिरायचं आणि परत लोकरीवर येऊन बसायचं. म्हणून तर ते तीन वर्षं टिकलं. ती कपाट महिन्यातून एखाद्याच वेळी उघडायची, तेही क्लेम बाहेर असताना, आणि एकच श्वास घेऊन लगेच मिटायची. एकेका श्वासागणिक तो वास थोडाथोडा कमी होतोय हे तिला माहीत होतं. आता कपाटात कोळसा होता. लोकरीतून जे सुटलं ते त्याने धरलं आणि परत जाऊ दिलं नाही. मग लोकरीने आणखी सोडलं. महिनाभरात काही उरलंच नाही.

क्लेमला ती हे कधीच बोलली नव्हती. तरुणपणी तो गंधकाच्या धुराच्या भट्टीवर कामाला होता आणि त्यातच त्याचं नाक कायमचं गेलं होतं. भाजलेलं मटण आणि ओला पुठ्ठा त्याला सारखाच. त्याला स्वेटरचं सांगणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट घेऊन बसणं, असं तिला वाटायचं. आणि आता सांगणं तर त्याहून वाईट. तीन वर्षांनी तो त्या खोलीत शिरला होता. पोराच्या कपड्यांना हात लावून, त्यांच्या घड्या घालून, कपाट रंगवून बाहेर आला होता. आणि शीळ घालत होता.

पुढच्या सोमवारी ती कामावर रुजू झाली. सिओने टाकीच्या कठड्यावर बसून कणीस खावं तसा दोन हातांत धरून मटणाचा पाय खात होता. हा टोंगा बेटांवरचा धिप्पाड पोरगेला माणूस तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायचा.

"आली लंगडी घोडी," तो म्हणाला. "काय मावशी, काकांचं काम झालं ना? एकदम ताजा माल दिला होता मी."

"झालं," ती म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "सिओने, वास धरला कोळशानं, तर तो परत काढता येईल?"

"काढता येईल की. तापव. आपण भट्टीत काय करतो मग?"

"तसं नाही. सगळे नाही, एकच वास. बाकीच्यांतनं वेगळा."

त्याने खाणं थांबवलं. "सोनं निघतं, कारण कशानं सुटतं ते आपल्याला ठाऊक आहे. वासाचं कुणाला ठाऊक आहे, मावशी? सगळं एकदम येणार. ओल, बुरशी, रंग, सगळं." मग तिच्या तोंडाकडे बघत त्याने हळूच विचारलं, "कुणाचं कपाट होतं ते?"

नेरिडाने कोळशाची बादली उचलली. सिओनेने हातातलं मटण कागदात गुंडाळलं आणि तिच्या हातातली जड बादली मुकाट्याने काढून घेतली.

दोन दिवसांनी क्लेम क्लबात गेलेला पाहून तिने सगळ्या पुरचुंड्या सोडल्या, कोळसा भाजायच्या ट्रेमध्ये पसरला आणि ओव्हनमध्ये ठेवला. स्टूल ओढून ती समोर बसली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. कामावरच्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

आधी ओल आली. मग बुरशी, ओल्या तळघरासारखी. मग नव्या रंगाचा उग्र भपका, डांबराच्या गोळ्या, लाकडाचं जुनं पॉलिश. तिने ओव्हनचं दार किलकिलं केलं आणि तोंड जवळ नेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या सगळ्या गर्दीत एकदा, क्षणभर, काहीतरी आलं. तेल असेल, किंवा धूर. ती थबकली. जॅरडचा होता का तो? तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, आणि तिच्या लक्षात आलं की ताडून बघायला आता आपल्याजवळ काही नाही. नुसत्या आठवणीवरून तिला तो ओळखता येत नव्हता.

"काय शिजवतेस?" दारातून क्लेम म्हणाला. "क्लबातला पंखा बंद पडलाय, सगळे घरी गेले." मग त्याने ट्रे पाहिला. "हा कोळसा का भाजतेस?"

काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी असं तिच्या मनात आलं होतं. पण तिने स्टूल मागे सरकवलं. ती उठून जॅरडच्या खोलीत गेली, स्वेटर घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"ह्यात होता तो," ती म्हणाली. "त्याचा वास. इतके दिवस होता."

क्लेम स्वेटरकडे बघत राहिला. मग ट्रेकडे. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी घालवला," तो म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं."

"तू सांगितलं नाहीस."

"तुला येत नाही म्हणून नाही सांगितलं."

"येत नाही म्हणून तर सांगायचं ना, नेरी." त्याचा आवाज चढला नाही. "मी त्या दारावरनं रोज जात होतो. आत काही नाही असंच वाटायचं मला."

तो बसला. तळहाताने त्याने स्वेटरची बाही सरळ केली.

"कसा होता?" त्याने विचारलं.

"काय?"

"वास. पोराच्या जन्माआधीच माझं नाक गेलेलं. लहान असतानाचाही मला माहीत नाही. कसा होता, सांग."

नेरिडा सांगायला लागली. तान्हा असताना गरम दुधासारखा, मानेपाशी जरा आंबूस. शाळेत जायला लागल्यावर पेन्सिलीचा, संत्र्याच्या सालीचा. मग एकदम कुत्र्याचा, मग मोठा झाल्यावर तेलाचा, आणि तो स्वस्तातला स्प्रे, ज्यावरून ती त्याला रोज टोकायची. सांगताना मध्येच ती अडखळत होती. क्लेम एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होता, पत्ता विचारून घेणाऱ्या माणसासारखा.

"आणि आता?" त्याने ओव्हनकडे मान वळवली. "येतोय त्यातनं?"

ट्रेमधून आता तापलेल्या पत्र्याशिवाय कशाचाच वास येत नव्हता.

"येतोय," नेरिडा म्हणाली. "थोडा."

क्लेम उठला. त्याने भिंतीवरचा कूलर बंद केला. मग सिंकवरची खिडकी लावली, मागचं दार लावलं, दाराच्या फटीत पाय पुसायचं कापड दाबून बसवलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळेल एवढं ऊन होतं. खोली बघता बघता तापली. तो येऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसला. कपाळावरून घाम ओघळत असताना, तोंड मिटून, तो नाकाने सावकाश खोल श्वास घेत राहिला.