खोलीची शांतता

"आत या म्हणाले नाही मी अजून," सिस्टर म्हणाल्या.

तोवर सरांनी कॅमेऱ्याचं स्टँड उंबऱ्याच्या आत टेकवलंही होतं. परक्या घरात शिरायचं कसब त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की त्यांना त्याची लाजही वाटत नाही.

त्यांच्या मागे मी, गळ्यात हेडफोन. सव्वीस वर्षं त्यांच्या माहितीपटांचा आवाज मी घेते. सगळे मला 'कानवाली' म्हणतात. सरांचं नाव झालं, माझे नुसते कान राहिले.

अठरा वर्षांपूर्वी याच सिस्टरांवर आम्ही फिल्म केली होती. वॉर्डातली एक साधी नर्स आणि तिचा एक दिवस. आता सरांच्या आयुष्यभराच्या कामाचा गौरव होणार होता. त्यात ही फिल्म दाखवायची होती आणि आयोजकांना सिस्टरांची लेखी परवानगी हवी होती. सही, आणि जमलंच तर चार नवी वाक्यं, यासाठी सर आले होते.

आमच्या कामात एक रीत असते. मुलाखत संपली की आवाज घेणारा ओरडतो, "कुणी बोलू नका, खोलीची शांतता घेतोय." मग मिनिटभर सगळे गप्प. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि फिल्म जोडताना ती लागतेच. सरांची रीत मात्र वेगळी. "झालं" म्हणायचं आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. त्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी. "झालं म्हटल्यावरच माणूस खरं बोलतो," असं ते भाषणांत सांगतात, आणि शिकणारे ते वहीत उतरवून घेतात.

अठरा वर्षांपूर्वी वॉर्डातही "झालं" म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे आवाज चालू ठेव. मी मूग गिळून बसले. दमलेल्या सिस्टरांनी खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाल्या, "कधीकधी वाटतं, सात नंबरचे आजोबा सुटावेत एकदाचे. तेही सुटतील, मीही." फिल्मचा शेवट तोच ठेवला. लोक रडले, बक्षीस मिळालं.

"फिल्म बघून आजोबांचा मुलगा भर वॉर्डात माझ्या तोंडावर थुंकला," चादरीची घडी घालत सिस्टर म्हणाल्या. "मग मला कपड्यांच्या खोलीत टाकलं. रिटायर होईपर्यंत चादरींच्या घड्या घातल्या. पुन्हा एकाही पेशंटला हात लावू दिला नाही."

"पण लोकांना तुमच्याबद्दल केवढा आदर वाटला!" सर म्हणाले.

"तो तुमच्याच घरी ठेवा. सही मिळणार नाही."

"भावनेच्या भरात नका हो ठरवू."

"तेव्हा होते भरात. आज नाहीये." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? कानाला लावून बसला होतात. चालू होतं, हे ऐकू येत होतं ना तुम्हाला?"

इतक्या वर्षांत मला कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

"येत होतं," मी म्हणाले. स्वतःचीच किळस आली.

सरांनी हात झटकले. "बरं. झालं. कानवाले, आवर." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तश्शीच.

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. दिव्यावर काळी पट्टी होती, नवीकोरी.

सिस्टर खाटेवर टेकल्या. त्यांचा आवाज उतरला. "खरं सांगू? त्या आजोबांना मी..."

"कुणी बोलू नका!" मी ओरडले. "खोलीची शांतता घेतेय!"

अठरा वर्षं उशिरा. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

सिस्टरांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि तोंड मिटलं. सरांचे डोळे आग ओकत होते. पण शांतता घेताना चकार शब्द काढायचा नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

मी हेडफोन कानाला लावले. नळ ठिबकत होता. सर नाकाने फुसफुसत होते. मिनिट उलटलं, तरी मी वर केलेला हात खाली घेतला नाही. सिस्टरांनी दुसरी चादर उचलली आणि कोपऱ्याला कोपरा जुळवला.