फियाटची उलटतपासणी

सिद्धलिंगप्पा वकिलांनी उभा जन्म सोलापूरच्या न्यायालयात मुक्या साक्षीदारांना बोलते करण्यात घालवला होता. आता निवृत्तीनंतर अंगणातल्या फियाटला गप्प कसे करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. चावी फिरवली की इंजिन आधी खाकरे, मग सुराला लागे, आणि त्या सुरामागून कोणी दारावर नखाने वाजवावे तसा आवाज येई: टक्, टक्, टक्. ॲक्सिलरेटर जरासा दाबावा, तर आवाजही पावले उचली.

गाडी वडिलांच्या वेळची, बहात्तर सालची. हिच्यातूनच वकिलांनी गुरम्माला लग्न करून अक्कलकोटहून आणले होते आणि हिच्याच मागच्या आसनावर त्यांची मुलगी महेश्वरी पाढे म्हणत शाळेत गेली होती. परंतु गेल्या वर्षी इंजिन खोलले, ते दसऱ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत खोललेलेच राहिले. अंगणात रांगोळीच्या जागी सुट्या भागांची आरास झाली आणि लक्ष्मीपूजनाला वकील ग्रीसने माखलेल्या हातांनी बसले. तेव्हा महेश्वरीने त्यांच्याकडून शब्द घेतला, की पुन्हा इंजिन उघडण्याची वेळ आली तर गाडी विकून टाकायची. जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी तिच्याकडे मागणी घालूनच ठेवली होती. वकील शब्दाचा कीस काढीत, शब्दाला शब्द भिडवीत. पण दिलेला शब्द त्यांनी आजवर फिरवला नव्हता.

म्हणूनच त्या रविवारी सकाळी भवानी पेठेतल्या त्यांच्या अंगणात जे चालले होते, ते साध्या दुरुस्तीसारखे मुळीच नव्हते. मिस्त्री अमरेश इंजिनावर वाकला होता. महेश्वरी ओट्यावर फोन हातात घेऊन बसली होती. आणि गुरम्माचा धाकटा भाऊ प्रभु, ज्याचा मागाचा कारखाना त्याच गल्लीच्या टोकाला होता, जिन्याच्या पायरीवर बसून चहाची वाट पाहत होता.

"साहेब, आधी बेरिंगचा संशय फेडतो," असे म्हणून अमरेशने चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. एकेक सिलिंडर काम सोडी, गाडी लंगडे, थरथरे. टक्‌टक् मात्र तसूभरही हलली नाही. "बेरिंग असतं तर आवाज दबला असता. बेरिंग सुटलं."

"निर्दोष," वकील समाधानाने म्हणाले. "पुढचा आरोपी?"

"टॅपेट, झडपा हलवणारे. पण वरचं झाकण काढावं लागेल."

"अप्पा," महेश्वरी लगेच उठली, "हे इंजिन उघडणं झालं!"

"मुळीच नाही. टोपी काढली म्हणजे डोकं फोडलं, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

"तुमच्या कायद्यात काहीही निघतं."

"निघतं, कारण मी शोधतो. अमरेश, काढ टोपी."

झाकण निघाले. अमरेशने पातळ पाती घालून प्रत्येक टॅपेटची फट मापली, दोन ठिकाणी हलकेच सारखी केली आणि झाकण बसवून गाडी सुरू केली. टक्, टक्, टक्. जणू मधल्या काळात काही घडलेच नव्हते.

"तू वेळापूरला गाडी पळवलीस," वकिलांनी एकाएकी मेहुण्याकडे मोर्चा वळवला. पंधरवड्यापूर्वी प्रभु पुतण्यासाठी मुलगी पाहायला ही गाडी घेऊन वेळापूरला जाऊन आला होता. "तू आणलीस, तेव्हापासून हा आवाज आहे."

"दाजी, नांगराच्या बैलावानी हाकली की! अन् आवाज कुटला? मला तर काय बी ऐकू येत न्हाय."

"सगळ्या गल्लीला येतो आणि तुला येत नाही?"

"नसंल येत. चांगली गाडी हाय, उगं तिला खोडी लावताय."

"मामा, कान तपासून घ्या," महेश्वरी म्हणाली. "कारखान्यानं गेले तुमचे."

अमरेशने फडक्याला हात पुसले. वकिलांनी त्या हात पुसण्याकडे पाहिले. निकाल सांगण्याआधी न्यायाधीश चष्मा पुसतात, हे त्यांनी पुष्कळ वेळा पाहिले होते.

"साहेब, वरचं सगळं ठीक आहे. आता राहिलं आतलं. इंजिन उतरवून खोलल्याशिवाय सांगता येणार नाही."

महेश्वरीने फोन उघडला, पण क्रमांक लावला नाही. शब्द तिने घेतला होता खरा, तरी मागच्या आसनाकडे पाहून तिचे बोट अडखळले. वकील फियाटच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. आयुष्यात प्रथमच त्यांना मुदतवाढ मागावीशी वाटली, आणि मागायची तर आपल्याच मुलीपुढे, याची त्यांना लाज वाटली.

पण सवय माणसाला सोडत नाही. सारे पुरावे संपले, की ज्या साक्षीदाराचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही त्याच्याकडे वळावे, हा त्यांचा जुना परिपाठ. त्यांनी प्रभूकडे पाठ फिरवली आणि इंजिन चालू असतानाच, स्वतःशी पुटपुटावे तसे, अगदी खालच्या आवाजात म्हटले, "गुरम्मानं आज शेंगापोळ्या केल्यात."

"किती?" पायरीवरून तत्काळ प्रश्न आला.

वकील गर्रकन वळले. "महेश्वरी, फोन ठेव. याचे कान शाबूत आहेत!"

"म्हंजी पोळ्या न्हाईत?" प्रभूचा चेहरा उतरला.

"पोळ्या मिळतील, आधी साक्ष दे. ज्याला इंजिनच्या आवाजात शेंगापोळीची कुजबुज ऐकू येते, त्याला ही टक्‌टक् ऐकू येत नाही. याचा अर्थ एकच. ती त्याच्या कानाला इतकी परिचयाची आहे, की ती आवाज म्हणून त्याला जाणवतच नाही. तुझ्या कारखान्यात टक्‌टक् काय करतं?"

"काय बी करत न्हाय. माग खडखडतो, बस्स."

"चल, दाखव."

रविवारची सुटी असल्याने कारखान्यात माग उभे होते. अर्धवट विणलेल्या चादरी तशाच ताणलेल्या होत्या. वकिलांनी मागाला हात लावू दिला नाही; त्या खडखडाटात काहीच कळले नसते. कोपऱ्यात कांड्या भरायचे छोटे यंत्र होते, तेवढे त्यांनी सुरू करायला लावले. मोटार घुमली, सूत कांड्यांवर चढू लागले, आणि त्या घुमण्यातून नखाने दार वाजवावे तसा आवाज आला: टक्, टक्, टक्.

महेश्वरी यंत्राजवळ वाकली. "हा कसला आवाज, मामा?"

"ह्यो?" प्रभु खरोखरच गोंधळला. "ह्यो काय आवाज हाय व्हय? पट्ट्याचा सांधा हाय. पट्टा तुटला की आमी टोकांना लोखंडी पकड घालून जोडतो. चाकावरनं जाताना टकटकतोच की."

वकिलांनी डोळे मिटले. मग अत्यंत मृदू स्वरात, जो स्वर ऐकून पूर्वी खोट्या साक्षीदारांना घाम फुटत असे, त्या स्वरात विचारले, "प्रभु, वेळापूरच्या वाटेवर काय तुटलं होतं?"

"पंख्याचा पट्टा. पिशवीत मागाचा होता, कापला, मापात जोडला, आलो. लई भारी बसलाय."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस!"

"दाजी, कारखान्यात रोज पट्टे जोडतो. परतेकाचं वर्तमान तुमाला सांगाय येऊ?"

अंगणात परतल्यावर वकिलांनी बंद इंजिनाचा पट्टा स्वतःच्या बोटांनी हळूहळू ओढला. पंख्याचे चाक फिरले, डायनॅमोचे फिरले, आणि खालच्या चाकाआडून काजळलेला सांधा निमूटपणे वर आला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेल्या त्या मंडळीसमोर तो आता उघडा पडला होता. अमरेशने कपाळावर हात मारला, पट्टा उतरवला आणि क्षणभर गाडी चालवून पाहिली. टक्‌टक् नव्हती. टॅपेटांची मंद किटकिट तेवढी ऐकू येत होती, पण ती गाडीच्या जन्मापासूनची होती.

"अप्पा, वकिली टिकली तुमची," महेश्वरी म्हणाली आणि पुण्याच्या गृहस्थांना फोन लावून तिने नम्रपणे कळवले, की गाडी विकायची नाही. फोन ठेवल्यावर तिने पदराने मागच्या आसनावरची धूळ झटकली.

अमरेशने दुकानातून नवा पट्टा आणून बसवला आणि सारी मंडळी फेरफटका मारायला निघाली. गुरम्मा शेंगापोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन गाडी चालवणाऱ्या वकिलांशेजारी पुढे बसली. पुरावा म्हणून वापरल्यामुळे पोळ्या आता कराव्याच लागल्या होत्या. गाडी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने सुतासारखी सरळ चालली होती. मागे महेश्वरीशेजारी प्रभु मात्र अस्वस्थपणे चुळबुळत होता. पुढच्या चौकात गाडी थांबताच त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"दाजी, बंद पडली वाटतं. आवाजच न्हाय की!"

"पडली असंल, तर उतर आणि ढकल," गुरम्मा मागे न पाहता म्हणाली, आणि डब्याचे झाकण तिने घट्ट दाबून धरले.