गिधाडांसाठी आणलेली गाय

मेलेली गाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली ढकलली गेली, तेव्हा तिच्या फुगलेल्या पोटातून ओला, गोडसर वास उसळला. चाळीस विद्यार्थ्यांनी नाकाला रुमाल लावले. दिवाकर सरांनी मनगटावर अत्तर चोळले. ते माझे मार्गदर्शक. बेतवेकाठच्या या राखीव जंगलातील गिधाडांवर मी तीन वर्षे संशोधन करत आहे. समोरच्या कड्यावर अकरा पक्षी उरले आहेत आणि या हिवाळ्यात तिथे पहिले पिल्लू आले आहे.

"मुलं झाशीहून पहाटेची निघाली आहेत," सर म्हणाले. "त्यांना काय रिकामं आकाश दाखवू?"

मी गाईच्या मानेवरून हात फिरवला. कातडीखाली सुयांच्या गाठी लागल्या.

"भैया, इसे दवा दी थी?" मी ट्रॅक्टरवाल्याला विचारले.

"हओ मैडम. गऊशाला में आठ दिना दरद की सुई लगी।"

वेदनाशामक. गाईचे दुखणे शमवणारे ते औषध तिच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. हे मला सरांनीच शिकवले होते. फळ्यावर, सुंदर अक्षरात.

"सर, ही पुरायला हवी. आत्ताच."

"एका गाईनं काय होतंय गं?" त्यांनी आवाज खाली आणला. "प्रबंधावर सही माझी लागते, मुग्धा."

ते हसले. दातांत बडीशेपेचा हिरवा कण अडकला होता. कुजणाऱ्या देहाने जे केले नव्हते, ते त्या कणाने केले. माझ्या घशाशी आंबट आले.

मी ट्रॉलीतली ताडपत्री गाईवर ओढली. ताडपत्री मानेपर्यंतच पोहोचली. उरलेल्या उघड्या मानेला पाठ लावून मी बसले. सलवारीत काहीतरी कोमट झिरपू लागले. माशा ओठांवर आल्या.

"भैया, गड्ढा खोदिए," मी म्हणाले. त्याने सरांकडे पाहिले आणि बिडी पेटवली.

"मैडम, हटिए ना, फ्रेम में आ रही हैं!" सुबोध नावाचा विद्यार्थी ओरडला.

"रहने दे, मैडम को ही खा लेंगे," दुसरा म्हणाला. सगळे हसले, सरही.

मग सावली उतरली. डाव्या पंखातले एक पीस तुटलेली मादी, त्या पिल्लाची आई. तिच्यासमोर तीन वर्षांत मी मोठ्याने खोकलेही नव्हते. ती दहा हातांवर बसली, मान लांबवून एक पाऊल पुढे आली.

मी दगड उचलला. तो तिच्या पंखावर लागला. ती कर्कश ओरडून उडाली. चाळीस मोबाइल माझ्याकडे वळले.

कड्यावरून दुसरे गिधाड सुटले होते. मी हाताने जमिनीवर दगड चाचपू लागले.