फुंक्याचा फोटो

भुईमूग काढायचा आणि शोकसभेचा दिवस एकच निघाला. सभा पुढं ढकलता आली असती, मेलेल्याला कसली घाई? पण हेडमास्तरांच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि छापलेलं काही वाया जाणं त्यांना माणूस जाण्यापेक्षा जास्त लागतं.

सकाळी सहापासून मी, माझी बायको आणि वहिनी, असे तिघं वहिनीच्या रानात वेल उपटत होतो. महिनाभर पाऊस नव्हता. जमीन अशी आवळली होती की वेल ओढला की पाला हातात यायचा आणि शेंगा मातीतच राहायच्या. मग कुदळीनं उकरा, ढेकळं फोडा, एकेक शेंग वेचा. आणि वर नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलेलं. आता बरसलं असतं तर उरलेल्या शेंगांना जमिनीतच कोंब फुटले असते.

वहिनी म्हणजे आमच्या बँडच्या क्लॅरिनेटवाल्याची बायको. त्याला आम्ही फुंक्या म्हणायचो. मी ढोल वाजवतो, तो पुढं फुंकायचा, अशी तीस वर्षं काढली. तो पंधरा दिवसांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. मेल्यावर माणूस चांगला होतो असं मी मानत नाही. फुंक्या रानात पक्का कामचुकार होता. दोन सऱ्या झाल्या की त्याची कंबर धरायची, आणि लग्नात मात्र तीन तास उभ्यानं फुंकायचा. त्याची सगळी कुदळ वहिनीनं मारली. तरी मला तो हवा होता, हे खरं आहे.

दुपारी वहिनीनं कुदळ टाकली आणि हात धुवायला लागली.

"भावजी, मी सभेला जाते," ती म्हणाली.

"वहिनी, आभाळ बघा. तिथं काय ठेवलंय? ज्यांनी त्याला कधी खुर्ची दिली नाही, ते आज भाषणं करणार."

"भाषणं खड्ड्यात जाऊ दे. मास्तरांनी मोठा फोटो करून आणलाय. सभा झाली की मला देणार आहेत."

फुंक्याचा एकही फोटो घरात नव्हता. मोबाइल बटणांचा. सरकारी कार्डावर होता, पण इतका काळपट, की तो स्वतःच म्हणायचा, हा माणूस मला कुठंतरी भेटलाय. परवा वहिनी माझ्या बायकोला म्हणाली होती, झोपताना चेहरा नीट आठवत नाही गं, नाक आठवलं की डोळे जातात. हे ऐकल्यापासून माझ्या बायकोला नीट जेवण जात नव्हतं.

मग मीही गेलो.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर दोन फोटो मांडले होते. एक रंगीत, दरवाज्याएवढा, सुटातला. हा कॅसेट कंपनीचा शेठ. तोही फुंक्याच्याच आठवड्यात, तिकडं त्याच्या शहरात, वारला. वीस वर्षांपूर्वी त्यानं याच शाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून, आमच्याकडून दिवसभर वाजवून घेतलं होतं. कॅसेट निघाली तेव्हा कव्हरवर एका नटीचं चित्र होतं आणि 'संगीत' म्हणून शेठचं नाव. फुंक्याच्या चालीला शेठचं नाव! त्या शेठवर सभेत तासभर भाषणं झाली. कलेचा आधारवड, म्हणे. बागवाले तर रडले. बागवाले म्हणजे गावातले सर्वांत मोठे बागाईतदार. शेठला ते एकदाच भेटले होते, तेही पंगतीत.

शेजारचा छोटा फोटो मी तोवर बघितलाच नव्हता. आमच्या बँडच्या झांजवाल्यानं मला कोपरानं ढोसलं.

"तू कधी मेलास रे?"

मी बघितलं. काळी फीत, पुढं फुलं, आणि मध्ये मी. तिरपी टोपी, लाल कोट, मिशी. मीच.

पहिल्यांदा मला हसू आलं. मग वहिनी दिसली. पहिल्या रांगेत, धुतलेल्या कपड्यांत, नखांत माती तशीच. तिची नजर फोटोवरून हलत नव्हती.

हेडमास्तर फुंक्यावर बोलायला उभे राहिले. पाच मिनिटं ठेवली होती त्याला. "या डोळ्यांत बघा," ते म्हणाले, "केवढी आर्तता आहे. कलावंत कशाची तरी वाट बघतोय."

वाट तर बघतच होतो मी. हा फोटो ज्या लग्नातला, तिथं दुपारचे तीन वाजले तरी बँडवाल्यांना ताट वाढलं नव्हतं.

मी उभा राहिलो. "मास्तर, हा मी आहे."

"बसा, बसा. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," मास्तर म्हणाले. "मित्रहो, आज आपण सगळेच तो आहोत." टाळ्या पडल्या. इतका मठ्ठ माणूस गावाची पोरं शिकवतो.

मग त्यांनी फोटो उचलला आणि वहिनीच्या हातात द्यायला गेले. तिनं हात पुढं केले नाहीत.

"हे माझे मालक नाहीत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "हे आमचे भावजी. ते तिथं बसलेत."

सगळ्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मास्तरांनी फोटो परत टेबलावर ठेवला.

"त्याचं काय झालं ताई, टोप्या सारख्या. कोट सारखे. बागवाल्यांच्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममधून काढला, त्यात हाच जरा... कलावंत वाटला."

"बारा वर्षं तुमच्या गॅदरिंगला वाजवलं त्यांनी. तुमच्या खुर्चीपासून चार हातांवर."

मास्तर फुलं नीट करायला लागले.

बागवाले पुढं आले. "असेल अल्बममध्ये तोही. बघू नंतर."

"नंतर नाही. आत्ता," वहिनी म्हणाली, आणि चालायला लागली. तिच्या मागं आम्ही बँडवाले. आमच्या मागं, लोक बघतायत म्हणून, बागवाले आणि मास्तर.

बागवाल्यांच्या ओसरीवर अल्बम आला. सातव्या पानावर तो फोटो होता. पुढं खुर्च्यांवर नवरा-नवरी. मागं भिंतीला टेकून, वाद्यं खाली ठेवून, आम्ही चौघं. मध्ये मी. आणि कडेला फुंक्या. टोपी हातात, केस विस्कटलेले, सरळ कॅमेऱ्यात बघून हसतोय, पडक्या दातासकट. अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा, पण फुंक्याच.

वहिनीनं बोट कपड्याला पुसलं, मग त्याच्यावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"मिळाला ना? छान," मास्तर म्हणाले. "पुढच्या महिन्यात मोठा करून देतो."

"अल्बम आता बाहेर जाणार नाही," बागवाले म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही नेलात तर कोपरा दुमडून आणलात. लग्नाची आठवण आहे ती. इथं येऊन बघत जा म्हणावं तिला, कधीमधी. आम्ही काय नाही म्हणतोय?"

त्यांची सून दारात उभी होती, फोटोतली नवरी. वहिनी तिच्याकडं वळली.

"ताई, कात्री आहे का गं?"

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं नाही. आत गेली आणि कात्री घेऊन आली.

वहिनीनं फोटो अल्बमच्या पाकिटातून बाहेर काढला. बागवाले "ए बाई, ए, काय करतेस" म्हणत उठेपर्यंत कात्री भिंतीतून फुंक्याच्या डोक्यावर पोचली होती. मध्ये अडवलं असतं तर सगळाच फोटो फाटला असता, म्हणून ते हात वर धरून तसेच थांबले. तिनं घाई केली नाही. नवऱ्या मुलाच्या खांद्याला धक्का लागू दिला नाही. टोपीसकट, हातासकट, माणूस अलगद काढून घेतला. मी राहिलो, शेजारी भोक घेऊन.

उरलेला फोटो तिनं परत पाकिटात सरकवला आणि अल्बम बागवाल्यांच्या हातात दिला.

"तुमचा मुलगा आहे, सून आहे, खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "मोजून घ्या."

बागवाल्यांनी खिशातून चष्मा काढला. फोटो जवळ घेतला, लांब धरला, उजेडाकडं नेला. शेवटी त्यांनी भोकावर बोट ठेवून मास्तरांना विचारलं, "या चौघांतला नक्की कुठला गेला?"

मास्तरांनाही सांगता येईना.