पाळण्यातला दगड

टण्... टण्... टण्... घणाचा तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. पाचरीवर घाव पडत होते. हळूहळू आवाज जड होत गेला, मग एकदम शांत. मी डोंगरापासून सुटलो होतो.

मी कस्तुराचा वरवंटा बोलतोय. जात ग्रॅनाइटची, गाव देगलूर. वय अडीचशे कोटी वर्षं तरी असेल. माझ्याही आधीचे दगड होते. ते धरणीच्या पोटात खोल गेले, तिथल्या आचेनं वितळले आणि त्या रसातून मी झालो. वर निघालो होतो, पण वाटेतच अंधारात अडकलो. तिथं युगानुयुगं सावकाश निवत राहिलो. जो सावकाश निवतो त्याचा दाणा मोठा होतो. म्हणून माझ्या अंगावर हे गुलाबी, पांढरे ठिपके. डोक्यावरची जमीन झिजून गेली तेव्हा कुठं ऊन दिसलं.

कस्तुराचा बाप तिथं दगड फोडायचा. लेकीच्या लग्नात त्यानं मला घडवून दिलं. माझा उरलेला भाग डोंगरातच राहिला. त्याची आठवण येते.

चौसष्ट साली तिच्या नवऱ्याला, ज्ञानदेवला, पिंपरीत काम लागलं. पाटा जड म्हणून गावीच राहिला. मी पोत्यात बसून रहाटणीच्या भाड्याच्या खोलीत आलो. इथला काळा पाटा मिळाला. लाव्हा उघड्यावर वाहून चटकन निवला, त्याचा हा दगड, माझ्यापुढं कालचं पोर. पण जमलं आमचं. सकाळच्या शिफ्टच्या भोंग्याआधी लसूण-मिरची वाटून व्हायची.

कस्तुराला मूल झालं नाही.

बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, अंगडं-टोपडं घालून. आपल्या लेकाच्या बारशाला मागायला शेजारची भिमाबाई पहिल्यांदा आली, म्हणाली, "कस्तुरे, तुझा वरवंटा दे गं. आमचा मेला काळाकुट्ट. तुझा कसा बाळाच्या पाठीसारखा गुळगुळीत!"

कस्तुरानं मला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल लावलं. दाराशी पोचताच भिमाबाईनं मला तिच्या हातातून घेतलं. "तू इथंच थांब हां. पाळण्याला हात नको लावूस."

मग ती रीतच पडली. आळीतल्या प्रत्येक बारशाला दगड चालायचा, हात चालायचा नाही. घरी आल्यावर ज्ञानदेव हसून म्हणायचा, "तुझ्या लेकानं साऱ्या रहाटणीच्या पोरांआधी पाळणा बघितला की!" ती माझ्या अंगावरचं कुंकू पुसायची. पुसताना हात रेंगाळायचा.

यंदा ज्ञानदेवचे डोळे अधू झाले, काम सुटलं. देगलूरला परत जायचं ठरलं. मी मनात नाचलो. माझा डोंगर, माझा उरलेला भाग!

निघायच्या दिवशीच भिमाबाईच्या नातवाचं बारसं. पोत्याचं तोंड बांधायचं राहिलं होतं, माझ्यासाठी. कस्तुरा मला न्हाऊ घालून दाराशी उभी राहिली. भिमाबाई बायकांना बोलवायला गेली होती. घरात एकटी सून, प्रभावती.

"आत या ना, मावशी. तुम्हीच ठेवा."

"नगं बाई. माझा हात..."

"हाताला काय झालंय? माझ्या लेकाचा पाळणा आहे, मी सांगते ना!"

कस्तुरा आत आली. मला अंगडं घातलं, टोपडं बांधलं, पाळण्यात निजवलं. मग दोरी धरली. हलकेच ओढून झोका दिला. इतक्या वर्षांत मला कुणी असा झोका दिला नव्हता.

बाहेरून ज्ञानदेवची हाक आली. "अगं, गाडी चुकंल! वरवंटा घेतलास का पोत्यात?"

"न्या मावशी," प्रभावती हळूच म्हणाली. "आम्ही सासूबाईंचा घेऊ."

मला ने गं कस्तुरे, मी म्हणत होतो. तिथं माझा डोंगर आहे. पण दगडाचं कुणाला ऐकू येतं?

तिनं वाकून माझं टोपडं सारखं केलं. दोरी प्रभावतीच्या हातात दिली. आणि पदर तोंडाशी धरून निघून गेली.